पाचवीच्या दिवशी मी दाराला लावलेला कागद

तुमच्या घरी बाळंतीण होती, तेव्हा पाचव्या दिवशी तुम्ही दार कोणासाठी उघडलं होतं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं होतं?

आठवून बघा. मला हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. विचारला असता तरी मी उत्तराऐवजी भाषण केलं असतं. म्हणून माझ्या उजव्या छातीवरच्या व्रणाची हकिकत आधी सांगते. ज्यांच्या घरी आज ओली बाळंतीण आहे, त्यांनी ती वाचावी आणि मी केलं ते करू नये, एवढ्यासाठीच लिहिते आहे.

छापील कागदावर वाढलेली मुलगी

माझे बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं छापायचे. घराच्या पुढच्या खोलीत पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र होतं. मला अक्षरओळख पाटीवर झाली नाही, ओल्या शाईच्या पत्रकांवर झाली. हुंडा देऊ नका, नवस बोलू नका, मुलीची शाळा सोडवू नका. आमच्या घरात भांडण झालं तरी मुद्दे एक, दोन, तीन असे मांडले जायचे. मोठी झाल्यावर पत्रकांचा मजकूर मीच लिहायला लागले. माझं नाव मित्रा; वस्तीत लोक म्हणायचे, मित्राचा कागद आला की कोणाची तरी बिनपाण्याची होणार. मला ते आवडायचं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. जालना रोडच्या मागच्या बाजूला आमची वस्ती आहे, अर्धी बौद्धांची, अर्धी मुसलमानांची, मध्ये एक सार्वजनिक नळ. माझा नवरा प्रवीण वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून तो जमेल तसा यायचा.

आमच्या वस्तीत देव भिंतीवरून कधीच उतरले होते, पण पाचवी टिकून होती. बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहिते, अशी ती समजूत. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजतात आणि जवळ एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. विहारात पंचशील म्हणणाऱ्या घरांतूनही हे गुपचूप चालायचं. त्या दिवशी गल्लीतल्या बायका बाळंतिणीच्या खोलीत जमायच्या, आणि त्यांच्या पुढे असायची कौसाबाई.

कौसाबाई सत्तरीच्या पुढची. शाळेचं तोंड न पाहिलेली. दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागायच्या आधी अर्धी गल्ली तिच्या हातात जन्मली. तिच्यासोबत नेहमी रुखसाना आपा असायच्या, नळापलीकडच्या. त्यांच्याकडे पाचवी नसते, छठी असते, पण त्या दोन्हीकडे जायच्या. पाच लेकरं अंगावर पाजून वाढवलेली बाई.

नवव्या महिन्यात बसून मी पत्रक लिहिलं. बाबांनी ते गुलाबी कागदावर छापलं. शंभर प्रती. त्यात होतं:

“या घरात पाचवी पुजली जाणार नाही. नशीब सटवाई लिहीत नाही, माणूस लिहितो. अज्ञानाचं ओझं बाळाच्या कपाळी ठेवायला या घरात कोणीही येऊ नये.”

एक कागद दाराला लावायचा आणि बाकीचे वाटायचे, असं ठरलं. आई तेव्हा भाकरी थापत होती.

“मित्रा, कागद लाव तुझा,” ती म्हणाली. “पण कौसाबाईला येऊ दे.”

“का?”

“का म्हंजे? ती येती.”

“आई, हे काय उत्तर झालं?”

आईनं भाकरी उलटली. तिच्याकडे उत्तर होतं, हे मला आता कळतं. तिला ते मुद्द्यांत मांडता येत नव्हतं. मला मांडता येत होतं, म्हणून मी जिंकले.

पाचवा दिवस

मुलगी झाली. चारिका नाव ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरी आलो. त्या दिवसापासूनच ती अंगावर घेतली की उजव्या स्तनाग्रात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. चीर पडली होती. मी दात आवळून पाजायचे. फोनवर वाचलं होतं की सुरुवातीला थोडं दुखतंच. थोडं म्हणजे किती, ते फोनवर नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी बाहेर चपला वाजल्या आणि दाराशी थांबल्या. रुखसाना आपा पाचवीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या. त्या एकेक शब्द लावून माझा कागद वाचत होत्या. त्यांचा आवाज ‘अज्ञानाचं ओझं’पाशी जरा अडखळला.

“काय लिव्हलंय?” कौसाबाईनं विचारलं.

आपा नुसत्या खाकरल्या.

“येऊ नका म्हणलंय व्हय?”

“हौ.”

“बरं. चल मंग.”

चपला परत गेल्या. मी आत पलंगावर होते, चारिका उजवीकडे ओढत होती, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला वाटलं की मी जिंकले. आई चुलीजवळून उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. आज त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

दगड

बाराव्या दिवशी मला हुडहुडी भरली. भर उन्हात दोन गोधड्या घेऊन मी कापत होते. उजवी छाती लाल, गरम, आणि एका बाजूनं दगडासारखी. आमच्या घरात जमिनीच्या हक्कावर, अत्याचारावर, कायद्यावर मोकळेपणानं बोललं जायचं. छाती दुखते, हे मात्र मी बाबांसमोर उच्चारू शकले नाही. “अंग मोडून आलंय,” एवढंच म्हणाले.

प्रवीणनं मला मोटारसायकलवर बसवून एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच विचारपूस केली. हात लावून पाहिलं नाही. “इन्फेक्शन आहे. पाजणं बंद करा, बाळाला पावडर सुरू करा,” म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली.

आयुष्यभर मी कोणाचं ऐकलं नाही. शिक्षकांचं नाही, नातेवाइकांचं नाही, भावकीतल्या म्हाताऱ्यांचं नाही. या माणसाचं मी निमूट ऐकलं. कारण ते छापील चिठ्ठीवर होतं. वर नाव, खाली पदवी. छापलेल्या कागदावर माझा असा विश्वास की प्रश्न विचारायचं सुचलंच नाही. दोन्ही बाजूंचं पाजणं मी त्याच दिवशी बंद केलं. प्रवीणनं येताना पावडरचा डबा आणला. तो डबा चुलीशेजारी ठेवताना आई म्हणाली, “एकदा कौसाबाईला विचारू का?”

“विचार,” मी म्हणाले, “आणि तिला सांग, सटवाईनं काय लिहिलं होतं तेही वाचून दाखव.”

असं बोलले मी. आईला. तापात होते म्हणून नाही. तसं बोलायची मला सवय होती.

पाच दिवसांत ताप उतरून पुन्हा चढला. दगड मऊ झाला, पण तो मऊपणा चांगला नव्हता. कातडी चकाकायला लागली. चारिकाला पावडर सोसेना. ती दुधाचा वास आल्यासारखी माझ्या कुशीत तोंड घासायची आणि मी तिला आईकडे द्यायचे.

निदान

मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा मी सतरा दिवसांची बाळंतीण होते. तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, “गळू झालंय. आजच उघडून पू काढावा लागेल.” मग विचारलं, “पाजणं का थांबवलंत?”

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. “पाजत राहायला हवं होतं. साचलं की बिघडतं.”

शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर कागद भरत होता. वस्तीचा पत्ता लिहिताना मान वर न करता म्हणाला, “तुम्ही लोक नेहमी उशिराच येता.”

तुम्ही लोक. या दोन शब्दांवर मी पूर्वी पूर्ण पत्रक लिहिलं असतं. मुद्दे मला तेव्हाही दिसत होते: आम्हाला उशीर का होतो, कोण करतं, दवाखान्याच्या दारात आमच्याशी कसं बोललं जातं. ते सगळे मुद्दे आजही खरे आहेत आणि त्याच्या त्या दोन शब्दांना मी आजही माफ केलेलं नाही. पण त्या क्षणी मला आणखी एक गोष्ट माहीत होती. बारा दिवस आधी दोन बायका माझ्या दारात आल्या होत्या. हा उशीर कोणी केला, ते गुलाबी कागदावर छापलेलं होतं.

मी गप्प बसले. प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. तो म्हणाला, “घाबरू नको.” मी खरंच घाबरले होते. मरणाला नाही. या सगळ्यानंतर मी चारिकाला पुन्हा अंगावर घेऊ शकेन की नाही, याला.

वॉर्ड

सकाळी सहाला झाडू, आठला डॉक्टरांची फेरी, दहाला ड्रेसिंग. जखमेत कापडी पट्टी भरलेली असायची, ती रोज ओढून काढायची आणि नवी भरायची. सिस्टर म्हणायच्या, “अंग सैल सोड.” मी सोडायचा प्रयत्न करायचे आणि पलंगाची लोखंडी कड धरायचे. तिसऱ्या दिवशी पू थांबला आणि पट्टी पांढरी, ओली यायला लागली. मी विचारलं, हे काय.

“दूध आहे,” सिस्टर म्हणाल्या.

जखमेतून दूध येत होतं आणि पट्टीत जिरत होतं. माझं लेकरू खाली जिन्याजवळ आईच्या मांडीवर पावडर पीत होतं. त्या वॉर्डात लहान बाळांना आणू देत नव्हते. ती पट्टी बादलीत पडताना मी पाहिली. त्यावर मी काही लिहू शकत नाही.

चांगल्या गोष्टीही होत्या. वॉर्डातल्या मावशींनी एक खुर्ची जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, “तिथं पाजायला कोणी नाय म्हणत नाय. मी बघते कोण म्हणतं ते.” शेजारच्या पलंगावरची जालन्याकडची बाई रोज तिच्या थर्मासमधला अर्धा चहा मला द्यायची आणि एकदाही विचारलं नाही की मला काय झालंय.

आईशी माझं बोलणं कमी झालं होतं. ती चारिकाला घेऊन यायची, मी खुर्चीवर बसायचे, डावीकडे लावून बघायचे. दूध आटलं होतं. चारिका दोनदा ओढून रडायची. आई भिंतीकडे बघत उभी राहायची. एकदा मी म्हणाले, “बोल ना काहीतरी.”

“मी काय बोलू?” आई म्हणाली. “तुला उत्तर लागतं. मला उत्तर येत नाय.”

वाचून दाखव

चौथ्या दिवशी भेटीच्या वेळी त्या दोघी आल्या. कौसाबाई आणि रुखसाना आपा. आईनं बोलावलं होतं, मला न विचारता. कौसाबाई धापा टाकत जिना चढली, माझ्या खुर्चीसमोर पायरीवर बसली आणि आधी चारिकाला बघितलं, मग मला.

“मोप वाळलीस गं,” ती म्हणाली. “आमदारीण व्हायची सोडून ही काय गत करून घेतलीस?”

आपा हसल्या. मला हसू आलं नाही, पण रडूही आलं नाही, हेच खूप झालं.

आपांनी हात धुऊन घेतले आणि चारिकाला माझ्या डाव्या बाजूला आडवं धरलं. “देख, तू इसको नुसती बोंडी देती. म्हणून चावती ती. पूरा मुँह खोलने दे. घाई नक्को. आता लाव.” चारिकानं मोठा आ केला, आपांनी तिला एका झटक्यात जवळ आणलं, आणि मला पहिल्यांदा दुखलं नाही. एकवीस दिवसांत पहिल्यांदा. बस इतकंच होतं ते. दोन बोटांचं अंतर आणि एक आ.

“हे तुम्ही पाचव्या दिवशी दाखवता?” मी विचारलं.

“आणखी काय दाखवतो?” कौसाबाई म्हणाली. मग तिनं पदराची गाठ सोडली. आत गुलाबी कागदाची घडी होती. “हे वाचून दाखव. रुखसाना अर्धंच सांगती, मला वाईट वाटंल म्हणून.”

“कौसामाय, राहू द्या.”

“वाच गं. लिव्हताना हात कापला नाय, आता कामून कापतो?”

मी वाचलं. जिन्यावरून लोक चढत-उतरत होते. माझं स्वतःचं वाक्य माझ्याच आवाजात मला इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं. ‘अज्ञानाचं ओझं बाळाच्या कपाळी ठेवायला या घरात कोणीही येऊ नये.’ वाचून मी कागद मांडीवर ठेवला.

कौसाबाई जरा वेळ चारिकाच्या पायाचा तळवा चोळत राहिली. मग म्हणाली, “बरं लिव्हलंय. सटवाईला येऊ नको म्हणलीस, ते काय चुकीचं नाय. ती तशीबी कधी आली नाय. येत व्हतो त्या आम्हीच.”

मी कागदाची घडी घातली.

“माझं पैलं लेकरू बिडकीनला झालं,” ती म्हणाली. “मालकाच्या रानात खुरपायला जायची मी. लेकरू बांधावर. दुपार झाल्याबगर पाजायला जाऊ देत नव्हते. दूध गळून चोळी भिजायची, मंग गाठ झाली, मंग ताप. सासूनं खोलीत कोंडलं. बाळंतिणीला सव्वा महिना विटाळ, कोणी आत यायचं नाय. कोणी आलं नाय. लेकरू गेलं.” ती थांबली. “तवापासून मी पाचवीला जाते. दूध बघायचंय म्हणलं तर सासू दार उघडत नाय, मित्रा. सटवाई म्हणलं की उघडती.”

माझ्या आईला हे उत्तर माहीत होतं. ते तिला मुद्द्यांत मांडता येत नव्हतं, कारण तो मुद्दा नव्हताच. ती दाराची किल्ली होती.

“म्हणजे तुम्हीही सटवाई मानत नाही?” मी विचारलं. अजूनही मला हे विचारायचं सुचत होतं.

“मानते बी, नाय बी,” कौसाबाई म्हणाली. “तुझ्यावानी माझं काय छापून ठिवलेलं नाय.”

पूनम

जाताना तिनं सहज सांगितलं. माझं पत्रक वस्तीभर गेल्यावर तिनं सगळीकडचंच जाणं थांबवलं होतं. “म्हणलं, शिकलेली पोरगी म्हणती, आपलं चुकत आसंल.” त्या काळात मागच्या गल्लीतली पूनम बाळंत झाली. तिच्याकडे कोणी गेलं नाही.

मी घरी आल्यावर, जखम ओली असतानाच, पूनमकडे गेले. एकवीस वर्षांची मुलगी. तिचं बाळ दहाव्या दिवसापासून बाटलीवर होतं. वस्तीतल्या नळाच्या पाण्यात पावडर पातळ करून दिली, हगवण लागली, आठवडाभर सलाईनवर होतं. वाचलं. पण अंगावर परत आलं नाही. पूनमनं मला बसायला चटई दिली.

“ताई, तुमचा कागद आमच्याकडं हाय,” ती म्हणाली. “सासूनं कपाटाला चिकटवलाय. माझी मामी यायची म्हणली पाचवीला, तर सासूनं दाखवला. म्हणली, शिकलेल्या लोकांच्या घरात बी कोणाला घेत नाय.”

सासूबाई आतून ऐकत होत्या. “मंग, तुमचंच वाचून केलं,” त्या म्हणाल्या.

मी सुनांच्या बाजूनं लिहीत आले, असं मला वाटायचं. माझा कागद सासूच्या हातात कडीसारखा बसला होता. पूनमची माफी मागितली. तिनं “जाऊ द्या ताई” म्हटलं. काही माफ्या अशा असतात की त्या मिळाल्या तरी काही परत येत नाही. तिच्या बाळाचं दूध परत आलं नाही.

हिशेबाबाहेर राहिलेलं

माझं डावीकडचं दूध हळूहळू परत आलं. आपा रोज येऊन, आईलाही शेजारी बसवून, मला हातानं दूध काढायला शिकवून जायच्या. उजवीकडचं आलं नाही. ती बाजू बरी झाली, पण आटून गेली. चारिका अर्ध्या आईवर आणि अर्ध्या डब्यावर वाढली. ती धडधाकट आहे, सगळ्यांना लाथा मारते. कोणी म्हणेल, मग इतकं काय वाईट झालं? ज्या बायका बाटलीवर लेकरं वाढवतात त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. शिफ्टला जाणारी, आजारी पडलेली, दूध न आलेली, प्रत्येकीला तिचं कारण असतं. माझ्याकडे कारण नव्हतं. माझ्याकडे पत्रक होतं.

हेही प्रामाणिकपणे सांगते की कौसाबाईचं सगळंच बरोबर नव्हतं. पहिलं पिवळं दूध, ज्याला आमच्याकडे चीक म्हणतात, ते ती पिळून टाकायला सांगायची आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवायला लावायची. यावर आमचं भांडण झालं. डॉक्टर बाईंनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं की त्याच दुधात बाळाचं पहिलं बळ असतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, “हिचं ऐका, चीक टाकू नका. मी टाकला, माझं चुकलं.” इतक्या सहज तिनं ते म्हटलं. मला तेच वाक्य म्हणायला गळू व्हावं लागलं.

आता वस्तीत कोणी बाळंत झालं की आम्ही तिघी पाचव्या दिवशी जातो. आपा बाळ लावून देतात, कौसाबाई बाळंतिणीची छाती आणि कपाळ बघते, मी दवाखान्यात सोबत जाते आणि चिठ्ठीवर प्रश्न विचारते. काही घरांत अजून पाटा-वरवंटा पुजलेला असतो. कौसाबाई दारात सटवाईचं नाव घेते आणि कडी निघते. मी त्या वेळी खाली बघते. हे तत्त्वाला धरून आहे का? नाही. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ यंत्र पुसत राहिले. मग म्हणाले, “उरलेली पत्रकं रद्दीत देऊ का?” मी म्हणाले, एक ठेवा.

ते मी चारिकासाठी ठेवलं आहे. ती वाचायला लागली की तिलाच मोठ्यानं वाचायला लावणार आहे.

आईची माफी मात्र मी अजून नीट मागितलेली नाही. मागायला बसले की ती म्हणते, “भाकरी करपंल,” आणि उठते.

आता माझी विनंती. तुमच्या गल्लीत, इमारतीत, नात्यात या आठवड्यात कोणी बाळंत झाली असेल. पाचव्या दिवशी तिच्याकडे जा. सटवाई मानत असाल तरी जा, मानत नसाल तर नक्कीच जा. हात धुवा, तिच्याजवळ बसा, आणि बाळाचं कौतुक करण्याआधी तिला विचारा: पाजताना दुखतंय का? दुखत असेल तर जिनं लेकरं पाजलीत अशी बाई तिच्याकडे घेऊन जा. छाती लाल, गरम, कडक असेल आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि कोणी पाजणं बंद करा म्हटलं तर का, ते दोनदा विचारा.

आणि तिच्या दाराला माझ्यासारखीनं काही लिहून लावलं असेल, तर ते वाचून परत फिरू नका. कडी वाजवा.